आठ पावल्या

आमच्या वसईकडील जुन्या माणसांना वज्रेश्वरी दोन कारणांनी ठाऊक असते. एक तिथली चैत्र अमावास्येची यात्रा आणि दुसरे तिथले गरम पाण्याचे झरे. शिरसाड फाट्यावरून अंबाडीच्या रस्त्याला एस.टी. लागली की हवा बदलते, मिठागरांचा वास मागे पडतो, डोंगर जवळ येतात आणि तानसा नदी दिसू लागते. माझ्या आजोबांचे गुडघे धरलेले असत. वर्षातून एकदा अकलोलीच्या कुंडात पाय बुडवून बसले की पुढचा पावसाळा निभतो, अशी त्यांची श्रद्धा होती. तेथून जवळच देवीचे मंदिर आहे. १७३९ साली वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी या देवीला नवस केला होता आणि वसईचा किल्ला हाती आल्यावर मंदिर बांधले गेले. त्याला किल्ल्यासारखा तट आहे आणि वर चढायला दगडी पायऱ्या आहेत. त्या वर्षी आमच्या पूर्वजांचे राज्यकर्ते बदलले, पण त्यांची प्रार्थना बदलली नाही. आजोबा मात्र इतिहासाचा असा काथ्याकूट करीत नसत. यात्रेत गर्दी होते आणि गर्दीत सुकेळी खपतात, एवढे त्यांना पुरे होते. दोन करंड्या सुकेळी आणि शेजारचे तीन-चार बागायतदार, असा आमचा तांडा निघे.

१९७९ साल असावे. मी दहा वर्षांचा होतो. दुपारपर्यंत एक करंडी संपली होती आणि आजोबा खुशीत होते. त्यांनी मला दोन रुपये दिले. ते सुटे होते, पंचवीस पैशांची आठ नाणी. आमच्याकडे त्याला पावली म्हणत. "आजीला हिरवी काकणे घेऊन ये," ते म्हणाले, "आणि उरले तर तुला बर्फाचा गोळा."

काकणांच्या दुकानाकडे जाताना चिंचेच्या झाडाखाली एक माणूस गोणपाट अंथरून बसला होता. त्याच्यापुढे कापडी पिशवी होती आणि तिच्यात पावल्याच पावल्या होत्या. खेळ अगदी साधा होता. आपण एक पावली खाली ठेवायची, त्याने एक ठेवायची. तो तिसरे नाणे उडवणार, आपण छापा की काटा ते सांगायचे. बरोबर आले तर दोन्ही पावल्या आपल्या, चुकले तर त्याच्या. हातचलाखी नाही, पत्ते नाहीत, वाट्याखाली लपवलेली गोटी नाही. नाणे उघड्यावर उडत होते आणि उघड्यावर पडत होते.

मी खेळलो. पहिल्यांदा जिंकलो, मग हरलो, पुन्हा दोनदा जिंकलो. एका क्षणी माझ्या मुठीत बारा पावल्या होत्या, हे मला आजही स्पष्ट आठवते. बारा पावल्यांत काकणे, गोळा आणि वर भिंगरी आली असती. परंतु बारा झाल्यावर उठायचे, असे मी ठरवलेच नव्हते. मी काहीच ठरवले नव्हते. अर्ध्या तासात मूठ रिकामी झाली.

आजोबांपुढे रडत उभा राहिलो तेव्हा तोंडातून वाक्य गेले, "त्याने मला फसवले." तीन शेजाऱ्यांना घेऊन आजोबा त्या झाडापाशी आले. गोणपाट उधळले गेले. कोणीतरी त्याच्या थोबाडीत मारली. पिशवीतल्या पावल्या धुळीत विखुरल्या आणि आजूबाजूच्या पोरांनी वेचल्या. तो माणूस गाल धरून एवढेच म्हणाला, "बाबा, पोरालाच विचारा. एकदा तरी मी हात लपवला का?" सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी मान खाली घातली. माझ्या त्या खाली घातलेल्या मानेचा अर्थ सगळ्यांनी आपापल्या परीने लावला. त्याने मुकाट्याने सात पावल्या मोजून दिल्या आणि आठवी म्हणून उडवायचे नाणेच माझ्या तळहातावर ठेवले. मग गोणपाट गुंडाळून तो नदीच्या दिशेने चालू लागला.

काकणे घेतली गेली. उडवायची पावली मात्र मी खर्च केली नाही. ती जवळ बाळगण्यात पराक्रम नव्हता. ती देऊन टाकण्याचे धैर्य नव्हते, एवढेच.

दहा वर्षांनी मी गोरेगावच्या सेमिनरीत होतो. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात ब्लेझ पास्कल आले. त्यांच्या श्रद्धेविषयीच्या चिंतनाबरोबरच त्यांच्या गणिताचीही तोंडओळख झाली आणि एके रात्री मला एकाएकी ती पावली आठवली. ती माझ्या पेटीत होती. मी ती पांघरुणावर उडवू लागलो आणि वहीत रेघा ओढू लागलो. चार-पाच रात्रींत चारशे वेळा नाणे उडवले. छापा २०७ वेळा आला आणि काटा १९३ वेळा. खऱ्या नाण्याच्या चारशे फेकींत इतका फरक अगदी सहज पडतो. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असलेल्या जॉन केरिक या गणितज्ञाने वेळ घालवण्यासाठी दहा हजार वेळा नाणे उडवले, तेव्हा त्यालाही छापा ५,०६७ वेळा मिळाला होता. माझ्या पावलीत कोणतीही खोट नव्हती. त्या माणसाने हात लपवला नव्हता. खेळ खरा होता.

मग मी का हरलो?

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर इतके सोपे आहे की ते कळल्यावर मला माझाच राग आला. माझ्याजवळ आठ पावल्या होत्या. त्याच्या पिशवीत दोनशे होत्या असे धरू. दोघांपैकी एकाची थैली रिकामी होईपर्यंत खेळ चालला, तर शेवटी एकाकडे सगळ्या २०८ पावल्या जाणार. आता, खेळ खरा आहे याचा अर्थ असा की सरासरीने कोणाचा फायदा नाही आणि कोणाचा तोटा नाही. म्हणजे खेळाआधी माझ्याजवळ ज्या आठ पावल्या होत्या, तेवढेच माझ्या आशेचे मोल असले पाहिजे. २०८ पावल्या मिळण्याची माझी जी काही संभाव्यता असेल, तिला २०८ ने गुणले की आठ यायला हवेत. ८ भागिले २०८, म्हणजे सव्वीसात एक. उरलेल्या पंचवीस वेळा मी रित्या हातांनीच परतणार. नाण्याने माझ्याशी दुजाभाव केला नव्हता. दुजाभाव दोन थैल्यांमध्ये होता. ज्याची थैली मोठी त्याला वाईट वेळ सोसता येते. लहान थैलीवाल्याची वाईट वेळ एकदाच येते आणि खेळ तेथेच संपतो.

बारा पावल्या झाल्या की उठायचे, असा निश्चय मी आधी केला असता तर? मग आठ भागिले बारा, म्हणजे तीनांत दोन वेळा मी हसत परतलो असतो. उरलेल्या एका वेळी आठही गेल्या असत्या. सरासरी तीच, पण शेवट माझ्या हाती राहिला असता. ज्याला कोठे थांबायचे हे ठाऊक नाही, त्याला पिशवीच थांबवते.

पास्कल यांचेच मित्र व पत्रसोबती पिएर द फर्मा यांच्यापुढे हा प्रश्न थोड्या निराळ्या रूपात आला होता. पुढे हॉलंडच्या क्रिस्तियान ह्युगेन्स यांनी १६५७ साली संभाव्यतेवर छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली आणि तिच्या अखेरीस वाचकांसाठी पाच प्रश्न दिले. त्यांतला पाचवा, एकाची शिल्लक संपेपर्यंत चालणाऱ्या खेळाचा, याच जातीचा होता. साडेतीन शतकांपूर्वीचे ते गणित, पण आमच्या चिंचेखालच्या गोणपाटाला जसेच्या तसे लागू पडले.

त्या रात्री मला दोन गोष्टी कळल्या. पहिली गणिताची, ती वर सांगितली. दुसरी आठव्या आज्ञेची. खोटी साक्ष देण्यासाठी तोंड उघडावेच लागते असे नाही. तो माणूस साधू होता असे मी म्हणत नाही. लहान मुलांच्या मुठीत थोडेच पैसे असतात आणि त्यांना थांबता येत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असणारच. त्यावरच तो जगत होता. परंतु त्याच्यावर आरोप झाला तो त्याने न केलेल्या गोष्टीचा, आणि थोबाडीत बसली ती माझ्या मौनामुळे.

हे सारे मी आजवर कोठे लिहिले नव्हते. गेल्या वर्षी मे महिन्यात घडलेल्या एका प्रसंगाने ते पुन्हा वर आले.

धर्मग्रामातील वेदीसेवक आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलेमुली यांना घेऊन आम्ही वज्रेश्वरीला सहलीला गेलो होतो. कुंडे पाहून झाली, नदीकाठी जेवणे झाली. चार वाजता बस यायची होती. दोन मुले दगडावर बसून छापा-काटा खेळत होती. एकाचा छापा, दुसऱ्याचा काटा, ज्याचे आधी पाच गुण होतील तो जिंकला. प्रत्येकाने वीस-वीस रुपये लावले होते. छापेवाल्याचे चार आणि काटेवाल्याचे तीन गुण झाले असताना बसचा भोंगा वाजला आणि भांडण जुंपले. चाळीस रुपये कोणाचे?

छापेवाला म्हणाला, "मी पुढे आहे, सगळे माझे." काटेवाला म्हणाला, "खेळ पुरा झालाच नाही, ज्याचे त्याला परत." एका शहाण्या मुलाने तोड सुचवली, "चारास तीन या प्रमाणात वाटा, म्हणजे सुमारे तेवीस आणि सतरा." मी चकित झालो. कारण लुका पाचोली या फ्रान्सिस्कन संन्याशाने १४९४ साली छापलेल्या आपल्या अंकगणिताच्या ग्रंथात नेमके हेच उत्तर दिले होते आणि ते चुकले होते.

चूक कोठे आहे ते पाहा. आतापर्यंत किती गुण झाले याला महत्त्व नाही. जिंकायला किती उरले याला आहे. छापेवाल्याला एकच गुण हवा होता, काटेवाल्याला दोन. काटेवाला जिंकायचा तर पुढच्या दोन्ही वेळा काटाच पडायला हवा. पहिल्यांदा काटा पडण्याची संभाव्यता अर्धी, त्यातून पुन्हा काटा पडण्याची त्याच्या निम्मी, म्हणजे एक चतुर्थांश. उरलेले तीन चतुर्थांश छापेवाल्याचे. म्हणून वाटणी तीस आणि दहा. पास्कल यांनी २९ जुलै १६५४ रोजी फर्मा यांना लिहिलेल्या पत्रात हाच हिशेब मांडला आहे. तेथे तीन गुणांचा खेळ आहे, दोघांनी बत्तीस-बत्तीस मोहरा लावल्या आहेत, आणि एकाचे दोन व दुसऱ्याचा एक गुण असताना खेळ थांबला आहे. त्यांची वाटणी अठ्ठेचाळीस आणि सोळा, म्हणजे तीच तीनास एक. संभाव्यतेच्या शास्त्राचा जन्म या पत्रव्यवहारात झाला असे मानतात. न्याय्य वाटणी कशी करावी या प्रश्नातून ते शास्त्र जन्मले, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते.

आमचे भांडण मात्र एवढ्याने मिटले नाही. बसमध्ये एक मुलगी पुढे येऊन म्हणाली, "फादर, तुमचे गणित मला पटत नाही. पुढे तीनच गोष्टी घडू शकतात. पहिल्यांदाच छापा पडेल, किंवा आधी काटा आणि मग छापा, किंवा दोन्हीदा काटा. तीनांपैकी दोन छापेवाल्याच्या आणि एक काटेवाल्याची. म्हणजे काटेवाल्याला एक तृतीयांश मिळायला हवे." मी तिला शाबासकी दिली. फ्रान्समधील द'आलांबेर हे थोर गणितज्ञ १७५४ साली विश्वकोशात लिहिताना नेमके येथेच घसरले होते. गोष्टी तीन आहेत हे खरे, पण तिन्हींचे वजन सारखे नाही. पहिल्यांदाच छापा पडणे ही अर्धी गोष्ट आहे आणि उरलेल्या दोन प्रत्येकी पावच आहेत. तिला हे शब्दांनी पटेना, म्हणून पुढच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही नाणी काढली. बारा मुलांनी प्रत्येकी दहा वेळा तो अपुरा खेळ पुरा केला. एकशेवीस खेळांत काटेवाला एकतीस वेळा जिंकला. तिच्या हिशेबाने चाळीस यायला हवे होते, पास्कलच्या हिशेबाने तीस. तिने फळ्याकडे पाहिले आणि प्रसन्न मनाने हार मान्य केली.

काटेवाल्या मुलाने मात्र मान्य केले नाही. वर्ग सुटल्यावर तो मागे रेंगाळला आणि म्हणाला, "फादर, चार छापे आणि तीन काटे झाले होते ना? मग आता काटाच पडणार होता. त्याचीच पाळी होती."

मी त्याला समजावले की नाण्याला स्मरणशक्ती नसते. मागे काय पडले हे आपल्याला आठवते, नाण्याला नाही. दहा छापे लागोपाठ पडले तरी अकराव्या वेळी काटा पडण्याची शक्यता अर्धीच राहते. लांबच्या हिशेबात छापे आणि काटे सारखे होत जातात ते नाणे मागची भरपाई करते म्हणून नव्हे, तर पुढच्या असंख्य फेकींत मागचा फरक नगण्य ठरतो म्हणून.

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण पप्पा म्हणतात की आता त्यांची पाळी येणारच. इतके दिवस हरलेत ना."

वाचकहो, धर्मगुरूला अशी वाक्ये ओळखता यावी लागतात. मी त्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. पुढे जे लिहितो ते प्रायश्चित्त संस्कारातले नाही, ओटीवरच्या बोलण्यातले आहे आणि त्या गृहस्थांच्या संमतीने लिहितो आहे.

भिवंडीहून कापडाचे तागे वाहणारा त्यांचा टेम्पो होता. टेम्पोवर कर्ज होते आणि फेडायला एक लाख रुपये हवे होते. हाती पन्नास हजार होते. मोबाइलवर खेळता येणारा एक खेळ कोणीतरी दाखवला. एकेका हजाराने खेळून पन्नासाचे लाख करायचे आणि त्याच दिवशी बंद करायचे, असे त्यांनी ठरवले होते. "तुमच्यासारखे मी बेशिस्त खेळलो नाही फादर," माझी पावलीची गोष्ट ऐकून ते म्हणाले, "मी कोठे थांबायचे ते ठरवले होते. आणि खेळ खरा होता. फक्त शंभरात एकोणपन्नास वेळा माझे, एकावन्न वेळा त्यांचे. दोनच पैशांचा फरक."

त्या दोन पैशांचा हिशेब मी त्यांच्या मुलाच्या वहीत मांडून दाखवला. नाणे अगदी समसमान असते, तर पन्नास हजारांचे लाख होण्याची संभाव्यता अर्धी होती. एकोणपन्नास-एकावन्न असेल आणि सगळे पन्नास हजार एकाच वेळी लावले, तर ती शंभरात एकोणपन्नास. परंतु एकेका हजाराने खेळत राहिले, तर ती उरते शंभरात अवघी बारा! त्यांचा विश्वास बसेना. हजार-हजाराने खेळणे त्यांना सावधपणाचे वाटले होते. वस्तुतः जितक्या अधिक वेळा नाणे उडते, तितक्या अधिक वेळा तो दोन पैशांचा कर भरावा लागतो, आणि शेकडो फेकींत तो सारे गिळून टाकतो. लाख झाले नाहीत. पन्नास हजार गेले, मग उसने घेतलेले गेले आणि शेवटी टेम्पो विकावा लागला. आता ते दुसऱ्याचा टेम्पो चालवतात.

महाराष्ट्रातील जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदाही संमत केला. कायदे हवेतच. पण दुकान बंद करणे कायद्याच्या हाती असते. 'आता माझी पाळी' ही मनातली समजूत काढून टाकणे त्याच्या हाती नसते. महाभारतातला नळराजा द्यूतात राज्य हरला. पुढे ऋतुपर्ण राजाने झाडाची पाने आणि फळे मोजण्याची आपली विद्या दाखवून त्याला द्यूताचे रहस्य दिले, तेव्हाच तो सावरला. मोजायला शिकणे हा सुटकेचा एक मार्ग आहे, हे आपल्या पूर्वजांनी गोष्टीतून सांगून ठेवले आहे.

मला वाटले, माझे काम झाले. मी उठणार, इतक्यात ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "फादर, एक विचारू? रागावू नका. चर्चच्या सणाला आपण हाउजी ठेवतो. दोनशे तिकिटे, पन्नास रुपयांचे एक. दहा हजार जमतात. बक्षिसे सहा हजारांची. दोन टक्क्यांवर तुम्ही मला एवढे समजावले. मग हे चाळीस टक्के कसे?"

मी पुन्हा खाली बसलो. चिंचेच्या झाडाखाली सगळे माझ्याकडे पाहत होते तेव्हा जसे वाटले होते, तसेच वाटले.

उत्तर नव्हते असे नाही. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २४१३ व्या परिच्छेदाचा आशय असा आहे की नशिबाचे खेळ स्वतः होऊन अन्याय्य नाहीत. स्वतःच्या व कुटुंबाच्या गरजेचे धन त्यांत जाऊ लागले की ते अग्राह्य ठरतात. हाउजीच्या पन्नास रुपयांपायी कोणी टेम्पो विकला नाही. उरलेल्या चार हजारांतून सभागृहाचे छप्पर दुरुस्त झाले. चिठ्ठ्या टाकणे तर प्रेषितांनीही केले होते. यूदाच्या जागी मत्थियाची निवड अशीच झाली. पण तेथे दोघेही उमेदवार पात्र होते, दोघांची संधी सारखी होती आणि हरणाऱ्याचे काही जात नव्हते. क्रुसाच्या पायथ्याशी शिपायांनीही चिठ्ठ्या टाकल्या. तेथेही संधी सारखीच होती, परंतु पणाला लावलेला अंगरखा त्यांचा नव्हता. चिठ्ठी तीच असते. ती कोणाच्या वस्तूवर आणि कोणाच्या जिवावर टाकली जाते, हे पाहावे लागते.

हे सारे मला बोलता आले असते. पण त्या क्षणी मला जाणवले की गेली कित्येक वर्षे मी तिकिटे विकली, पण रुपयातले चाळीस पैसे कोठे जातात हे एकदाही कोणाला सांगितले नाही. कोणी विचारले नाही म्हणून मी बोललो नाही. माझे हे दुसरे मौन होते. मी त्यांना म्हणालो, "तुमचे बरोबर आहे. यंदा तिकिटावर छापू."

धर्मग्राम मंडळाच्या सभेत बरीच चर्चा झाली. "असे छापले तर कोण घेईल?" असा एकाचा सवाल होता. शेवटी तिकिटाच्या पाठीमागे दोन ओळी छापल्या. या तिकिटातील तीस रुपये बक्षिसांसाठी आहेत आणि वीस रुपये सभागृहासाठी तुमची देणगी आहे; एका माणसाला दोनच तिकिटे मिळतील. लहान मुलांना तिकीट देणे बंद केले. दोनशेपैकी एकशेएक्याऐंशी तिकिटे गेली. थोडे कमी जमले, परंतु जे आले ते डोळे उघडे ठेवून आले. ते गृहस्थ दारापाशी तिकिटे फाडायला उभे होते. ते स्वतः खेळले नाहीत. यापुढे कधीच खेळणार नाहीत असे त्यांनी मला सांगितलेले नाही आणि मीही वदवून घेतलेले नाही. महिन्यातून एकदा ते येतात. आम्ही त्यांच्या हप्त्यांचा हिशेब वहीत मांडतो. आणखी चौदा महिने आहेत.

पास्कल यांनी ते पत्र लिहिले त्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री, त्यांना परमेश्वराचा जिवंत अनुभव आला. त्याची नोंद त्यांनी अंगरख्याच्या अस्तरात शिवून ठेवली होती आणि १६६२ साली त्यांच्या मृत्यूनंतर ती सापडली. मोजता येते त्याचा हिशेब चोख करणारा तो माणूस, न मोजता येणारे काही आहे हे विसरला नाही. पण त्याने दोहोंची गल्लत केली नाही. जेथे बेरीज-वजाबाकी करायची तेथे त्याने चमत्काराची वाट पाहिली नाही. आपण पुष्कळदा नेमके उलट करतो. हिशेबाच्या जागी प्रार्थना करतो आणि प्रार्थनेच्या जागी हिशेब.

पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ नंतर चलनातून गेले. माझ्या टेबलाच्या खणात ती पावली आहे आणि आता तिचे बाजारात काहीच येत नाही. वज्रेश्वरीला गेलो की अजूनही मी त्या झाडाच्या बाजूने चालत जातो. तो माणूस आज हयात असण्याचा संभव फार थोडा आहे. त्या वेळीच तो चाळिशीचा दिसत होता. त्याचे नाव, गाव, धर्म मला ठाऊक नाही. मिस्सेत मृतांसाठी प्रार्थना करताना मी त्याचे स्मरण करतो, आणि तो जिवंत असेल तर ही प्रार्थना जिवंतांच्या खात्यात जमा व्हावी असे मनात म्हणतो. सात पावल्या त्याने मला मोजून दिल्या, ज्या माझ्या नव्हत्या. आठवी अजून माझ्याकडे आहे. ती देणे आहे.